आजीच्या ओव्या आणि बावीस हजार रुपये

— एस. वाय. बी. ए. मधील एक विद्यार्थिनी, राहू

प्रथमच सांगून टाकते की, संगणकशास्त्राशी माझा काडीचाही संबंध नाही. मराठी हा माझा विषय, आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. तेव्हा बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून हरवलेली माहिती परत मिळविण्यावर हिने कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. म्हणोत. ज्यांना त्यातले कळते ते आपल्या अंकात लिहीत नाहीत, आणि माझे जे हरवले ते दुसऱ्या कोणाचे हरवलेले नाही.

राहू हे माझे गाव दौंड तालुक्यात. एका अंगाला मुळा-मुठा आणि दुसऱ्या अंगाला भीमा, म्हणून या टापूला राहू बेट म्हणतात. बाहेरच्या माणसाला आमच्या बेटाच्या तीनच गोष्टी ठाऊक असतात : ऊस, गुऱ्हाळे आणि उसात दडलेले बिबटे. आमचा दीड एकर ऊस आहे. 2021 साली टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरू लागली, म्हणून आप्पांनी गुऱ्हाळवाल्याकडून उचल घेऊन मला मोबाइल आणून दिला. मी तेव्हा दहावीत होते. शाळा दोन तास. उरलेला दिवस मोकळा. आणि घरात आजी.

आमच्या परसात जाते आहे. लग्नाची हळद दळण्यापलीकडे त्याचा उपयोग आता उरलेला नाही. आजीला मी म्हणाले, ‘आजी, ओव्या सांग, मी भरून घेते.’ ती म्हणाली, ‘अशा बसून न्हाई येत गं बाई त्या. हाताला खुंटा लागल्याबिगर त्वांडात येत न्हाईत.’ मग आम्ही जाते धुऊन घेतले, मूठमूठ हरभरे वैरायला ठेवले, आणि खरोखरच खुंट्याला हात लागताच आजीला एकामागून एक ओव्या सुचू लागल्या. त्या उन्हाळ्यात मी चौसष्ट वेळा मोबाइलचे बटण दाबले. भावाच्या ओव्या होत्या, पंढरीच्या होत्या, सासरच्या विहिरीच्या होत्या, आणि जावेवर राग काढणाऱ्याही होत्या. त्या ऐकून आई पदराआड हसायची.

त्यांतच पाच ओव्या पुराच्या होत्या. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले, तेव्हा आजी नुकती लग्न होऊन राहूला आली होती. पानशेतच्या पुराबद्दल आपण सगळ्यांनी वाचले आहे. पण जे वाचले ते पुण्याचे. पेठा, पूल, वाडे. ते पाणी पुण्यात थांबले नव्हते, ते मुळा-मुठेने खाली आमच्याकडे आले. ते काठावरून पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या नव्या नवरीने काय पाहिले, हे कोणत्याही पुस्तकात नाही. वाहत आलेल्या तुळया, एक पाळणा, आणि ‘हा कुणाच्या घरचा’ म्हणून झालेला जीव, हे तिने जात्यावर स्वतः रचले होते. शाळेचा उंबरा न ओलांडलेल्या बाईने लिहिलेला तो इतिहास होता, असे मी म्हटले तर आपले इतिहासाचे सर रागावणार नाहीत अशी आशा आहे.

मोबाइलची जागा भरली. माझा चुलतभाऊ गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान चालवितो. त्याच्या संगणकावर मी सगळी ध्वनिमुद्रणे उतरवून ठेवली, मोबाइलमधून पुसली आणि निर्धास्त झाले. दुसरी प्रत कोठेच नव्हती. 2023 च्या थंडीत आजी गेली. सव्वा महिना झाला तरी तो आवाज ऐकण्याचा धीर कोणाला झाला नाही. पुढे ऐकू, असेच चालले होते. जुलै 2024 मध्ये एका पावसाळी संध्याकाळी वीज तीनदा गेली-आली, आणि सकाळी दुकानातला संगणक उघडेना. पेटीतून नुसता टक्, टक्, टक् असा आवाज.

आता इथे थोडा तांत्रिक भाग सांगितला पाहिजे. मलाही तो नंतर कळला. आधी कळता तर हा लेख लिहिण्याची वेळ येती ना.

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात. तबकडीवर चुंबकीय खुणांच्या रूपाने माहिती असते, आणि एका बारीक दांडीच्या टोकाला असलेले वाचणारे डोके तिच्यावरून फिरते. ग्रामोफोनच्या सुईसारखे ते तबकडीला टेकत नाही. फिरत्या तबकडीबरोबर जी हवा ओढली जाते तिच्यावर ते तरंगते, आणि ते अंतर असते काही नॅनोमीटर. आपल्या केसाची जाडी हजारो नॅनोमीटर भरते. म्हणजे पिठाचा एक कण त्या फटीपुढे डोंगराएवढा. म्हणूनच ही पेटी बंद असते आणि ती धूळ नसलेल्या खोलीतच उघडायची असते. डोके बिघडले की त्याला स्वतःची जागा सापडत नाही; ते पुन्हा पुन्हा टोकाला जाऊन परत येते, आणि तोच तो टक्-टक् आवाज. फिरणारी तबकडी आणि मधला खुंटा पाहून मला जात्याची उपमा देण्याचा मोह होतो आहे, पण आवरते.

आवाज आला की एकच गोष्ट करायची असते : वीज काढून घ्यायची आणि पुन्हा लावायची नाही. कारण प्रत्येक वेळी चालू केल्यावर ते मोडके डोके तबकडीवर ओरखडे काढू शकते, आणि ओरखडा जिथे पडला तिथली माहिती कायमची खरवडून जाते. आम्ही काय केले? दादाने ती बारा-पंधरा वेळा चालू केली. ‘एकदा लागंल, बघ.’ मग हलकेच ठोकली. मग शेजारच्या एका हुशार मुलाने मोबाइलवर चलचित्र दाखविले की, डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवली की चालू होते. दूधवाल्या काकांच्या फ्रीझरमध्ये आमच्या आजीचा आवाज दह्याच्या पिशव्यांशेजारी एक रात्र राहिला. गार डिस्क बाहेर काढली की हवेतला ओलावा तिच्यावर धरतो, आणि तबकडीवर पाण्याचा सूक्ष्म थेंब म्हणजे काय, हे वर सांगितलेल्या फटीवरून तुम्हीच ताडा. हा जुना तोडगा जगभर सांगितला जातो, आणि जगभरच लोक त्याने आपले उरलेसुरले घालवतात. अज्ञान फक्त राहूतच आहे असे कोणी समजू नये.

एक गोष्ट इथेच वेगळी करायला हवी. माहिती दोन तऱ्हांनी जाते. यंत्र मोडून जाते ती आमची तऱ्हा. दुसरी तऱ्हा चुकून पुसली जाण्याची, आणि ती वसतिगृहात दर आठवड्याला कोणाच्या तरी वाट्याला येते. पुसली म्हणजे बहुधा काय होते, तर ग्रंथालयातल्या तालिकेतले कार्ड काढून टाकले जाते. पुस्तक कपाटात असतेच. त्या जागी दुसरे पुस्तक ठेवले जाईपर्यंत ते परत मिळू शकते. म्हणून फाइल पुसली गेली तर त्याच डिस्कवर काहीही नवे ठेवायचे नाही, ती परत मिळविण्याची आज्ञावलीसुद्धा त्याच डिस्कवर उतरवायची नाही. फोटोरेक आणि टेस्टडिस्क या आज्ञावली फुकट मिळतात. दुकानात जाण्याआधी आपल्या प्रयोगशाळेतल्या सरांना विचारा. मात्र फिरत्या तबकड्या नसलेल्या ज्या नव्या एसएसडी डिस्का आल्या आहेत त्या पुसलेली जागा बहुधा स्वतःच लगेच साफ करून टाकतात. तिथे कार्डाबरोबर पुस्तकही जाते.

आता आमच्या कथेकडे. पुण्यातल्या एका दुकानात दादा आणि मी डिस्क घेऊन गेलो. दुकानदार सभ्य होता. त्याने ती कानाशी धरली, वैद्याने नाडी पाहावी तशी क्षणभर चालू केली आणि लगेच बंद केली. म्हणाला, डोकी गेली आहेत. याच जातीची, शक्यतो याच सुमाराची दुसरी डिस्क मिळवून तिची डोकी काढून यात बसवावी लागतील. मग तबकडीची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि काय शोधायचे ते त्या नकलेत शोधायचे, मूळ डिस्कला पुन्हा हात लावायचा नाही. डिस्क नऊ वर्षांची होती. वीज हे निमित्त झाले, ती आधीपासूनच कुरकुरत असणार, असेही तो म्हणाला. दादाने मान खाली घातली. महिनाभर ती कुरकुरत होती, आणि आम्हाला वाटे पंख्यात धूळ गेली आहे.

खर्च बावीस हजार रुपये. आणि मग त्याने विचारले, ‘ताई, डेटा काय आहे? अकाउंटचा आहे का?’

मी म्हणाले, ‘आजीच्या ओव्या आहेत.’

तो क्षणभर गप्प झाला. मग अगदी मायेने म्हणाला, ‘मग ताई, माझं ऐकाल तर सोडून द्या. व्यापाऱ्याचा जीएसटीचा हिशेब असता तर मी नक्की करा म्हटलं असतं.’

या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला आहे. तो माणूस वाईट नव्हता, उलट माझे पैसे वाचवीत होता. पण हरवलेली माहिती परत मिळविण्याचे जे शास्त्र आहे, ते आज कोणासाठी राबते हे त्या एका वाक्यात होते. ज्या माहितीतून पैसा निघतो ती परत मिळविणे परवडते. जिच्यातून काहीच निघत नाही तिने मातीत जावे. डिस्क बिघडते ती सगळ्यांची सारखीच. वर येते ती मात्र ऐपतीप्रमाणे. तंत्राला हे ठरविता येत नाही, आणि दुकानदारानेही ते ठरविलेले नाही. ते आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकले आहे, आणि माझा आक्षेप त्यावर आहे.

तंत्र काय करू शकते याचे एक उदाहरण सांगते. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया हे अंतराळयान परतीच्या वाटेवर फुटले. आपल्या कल्पना चावलासह सात जण गेले. यानाचे तुकडे टेक्सासभर पडले. त्यांतच एक हार्ड डिस्क होती. ती काही महिन्यांनी कोरड्या पडलेल्या तळ्याच्या तळाशी सापडली. जळून काळी झालेली, वितळलेली, आत माती शिरलेली. ती अमेरिकेतल्या तज्ज्ञांकडे गेली. त्यांनी तबकड्या काढून धुतल्या, नव्या सांगाड्यात बसविल्या आणि सुमारे 99 टक्के माहिती परत मिळविली. झेनॉन वायूच्या प्रवाहीपणावरचा प्रयोग त्यात होता. त्याचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्धही झाले. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून मात्र काही निघाले नाही. या एकीच्या बाबतीत दैव असे की तबकडी निम्मीच भरली होती, आणि माहिती विखुरलेली नसून एका बाजूला सलग होती. आकाशातून पडलेली डिस्क 99 टक्के देते आणि दुकानाच्या टेबलावरून फ्रीझरपर्यंत गेलेली आमची डिस्क त्याहून कितीतरी कमी देते, हे मला कळले तेव्हा हसावे की रडावे ते समजेना. पण मुद्दा तो नाही. ती डिस्क कोणीतरी सहा महिन्यांनी चिखलातून उचलून जपून ठेवली, कारण तिच्यात काय आहे त्याला किंमत होती, आणि ती किंमत द्यायला एक संस्था उभी होती. आजीच्या मागे कोणती संस्था आहे?

21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. माणसे दगावली, फायली जळाल्या. पुढे इतर कचेऱ्यांतल्या प्रती मागवून फायली पुन्हा उभ्या करण्याचे काम झाले. सरकारी कागदाची दुसरी प्रत कोठेतरी असते, ही सरकारची जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे. आमच्या आजीचेही नाव तसे सुरक्षित आहे. रेशनकार्डावर आहे, आजोबांच्या वारसनोंदीच्या फेरफारात आहे. तो फेरफार आता ऑनलाइन निघतो. तिचा आवाज तेवढा कोणत्याच कचेरीच्या कक्षेत बसत नाही.

घरी हिशेब मांडला. आप्पा म्हणाले, ‘म्हातारीचा आवाज ऐकायला बावीस हजार? ती असती तर तिनंच मला खुंट्यानं झोडपला असता.’ हे अगदी खरे होते. बावीस हजारात माझी दोन वर्षांची फी आणि पास निघतो. मी स्वतःच म्हणाले की राहू द्या. त्या रात्री आई काहीच बोलली नाही. चार दिवसांनी तिने बचत गटाच्या भिशीचे अठरा हजार माझ्यासमोर ठेवले. पुढच्या वर्षी दारात बोअर घ्यायचा म्हणून ती ते साठवीत होती. म्हणाली, ‘आत्याबाईंनी मला एकोणीस वर्षं बोलून घेतलं. आता फुकट कशी गप बसू द्यायची त्यांना?’ उरलेले चार हजार दादाने घातले.

हे योग्य झाले का? मैत्रिणींत यावर वाद झाला आहे. एक म्हणते, हा भावनेचा वेडेपणा. मला ते पूर्णपणे नाकारता येत नाही, कारण आजही आई हापशावरून पाणी आणते. पण आमच्याकडे लग्नात बँडला यापेक्षा जास्त जातात आणि तिथे हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

पावणेदोन महिन्यांनी डिस्क आली. चौसष्टांपैकी एकेचाळीस ध्वनिमुद्रणे निघाली, त्यांतली सहा वाजत नाहीत. नावे सगळी पुसली गेली होती. मी हौसेने ‘भाऊ १’, ‘पंढरी ४’, ‘जाऊबाई’ अशी नावे दिली होती. त्या जागी आता नुसते आकडे. तबकडीवरची अनुक्रमणिकाच खरवडली गेल्यामुळे तज्ज्ञाने प्रत्येक फाइल तिच्या आरंभीच्या खुणेवरून हुडकून काढली होती. त्यामुळे कोणत्या आकड्यात काय आहे, हे ऐकल्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता. ऐकण्याचा धीर नसणाऱ्या आम्हाला सगळेच ऐकावे लागले. ओव्या आल्याच; शिवाय कुकरच्या शिट्ट्या आल्या, वासराचे हंबरणे आले, ‘बंद कर गं आता, हात भरून आला’ हेही आले. पुराचे मुद्रण सापडले. ते एक मिनीट बारा सेकंद वाजते. दोन ओव्या पुऱ्या आणि तिसरीची पहिली ओळ. मग कापड फाटल्यासारखा आवाज. पाळणा ज्या ओवीत होता ती पुढची. ती मला येत नाही, आईलाही येत नाही.

आणखी एक गोष्ट त्या डिस्कबरोबर आली, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. दुकानाचा संगणक तो. त्यात नऊ वर्षांत आलेल्या अर्ध्या गावाची आधार कार्डे, जातीचे दाखले, बँकेची पासबुके होती. आमच्या ओव्या शोधताना तीही वर आली आणि परक्या शहरातल्या एका दुकानातून फिरून आली. त्या दुकानदाराने काही गैर केले असे मुळीच नाही. पण त्या सगळ्या माणसांना आम्ही विचारले नव्हते. दादाने नंतर ते सगळे पुसले. आणि पुसणे म्हणजे फक्त कार्ड काढणे हे तोवर आम्ही शिकलो होतो, म्हणून त्याच्यावर दुसरे काहीबाही भरून ती जागा खरोखरच भरून टाकली. गावोगावच्या अशा दुकानांतल्या जुन्या डिस्का भंगारात जातात तेव्हा त्यांच्याबरोबर काय जाते, याचा विचार एकदा आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात व्हावा.

वक्तृत्व स्पर्धेत मी हा विषय मांडला तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला असा की, मौखिक परंपरा ही लोकांच्या मुखात जिवंत असते, तिला डिस्क कशाला? आणि मग तुकोबांचे उदाहरण. गाथा इंद्रायणीत बुडविली, तेरा दिवसांनी वर आली. कोणी म्हणतात लोकांच्या तोंडून ती परत मिळाली, संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवली होती. चमत्काराच्या वादात मी पडत नाही. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि तीच भीमा आमच्या बेटाच्या कडेने जाते, म्हणून त्या गाथेवर आमचाही थोडा हक्क आहे असे मी मानते, इतकेच. पण अभंग तरायला ते गाणारी माणसे होती आणि उतरून घेणारा एक तेली होता. आजीच्या ओव्या कोणाच्या मुखात आहेत? जाते गेले, पिठाची गिरणी आली. गिरणी आली हे फार बरे झाले. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बायकांना जाऊन विचारा. पण दळण गेले तेव्हा गाणेही गेले. माझ्या आईला चार ओव्या येतात, मला एकही धड येत नाही. ज्या मुखाचा भरवसा आपण व्यासपीठावरून देतो ते मुख आमचेच आहे ना?

याचे उत्तर काही माणसांनी आपल्या पुण्यातच बसून शोधले होते. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. पुढे बर्नार्ड बेल हे संगणकाचे आणि संगीताचे जाणकार त्यांना मिळाले आणि त्या सगळ्याची सूची संगणकावर बांधली गेली. शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. पॉइत्वाँ 2004 मध्ये गेले. काम एका माणसाच्या कपाटात असते तर तिथेच संपले असते. पण ते अनेकांच्या हाती होते, म्हणून 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या ओव्या सगळ्यांना वाचता-ऐकता येऊ लागल्या. ओवीला क्रमांक आहे, गाव आहे आणि गाणाऱ्या बाईचे नाव आहे. शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांचे आवाज मी त्यात ऐकले आणि मला आनंदही झाला, असूयाही वाटली. सविंदणे आमच्यापासून काही फार दूर नाही.

दुसरा आक्षेप एका सरांचा होता : इतका खटाटोप कशाला, क्लाऊडवर ठेवायचे. ठेवावे, जरूर ठेवावे. पण फुकटात मिळते ती 15 जीबी जागा, आणि तिच्यात पत्रेही येतात, छायाचित्रेही येतात. दोन वर्षे खाते वापरले नाही तर गूगल ते पुसू शकते, हा नियम 2023 मध्ये झाला. आमच्याकडे खाते ज्या क्रमांकावर असते तो क्रमांक रिचार्ज संपला की जातो, आणि पासवर्ड दुकानदाराच्या वहीत असतो. आकाशातली कोठी चांगली, पण ती एकुलती एक नसावी. जाणकार म्हणतात : प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. आमच्या बायका बियाणे ठेवीत ते याच रीतीने. एक मडके घरात, एक माहेरी.

म्हणून माझे म्हणणे आपल्या महाविद्यालयाशी आहे. मराठी विभागात लोकसाहित्याचा प्रकल्प दरवर्षी होतो. मुले गावोगाव जाऊन गाणी, उखाणे, कहाण्या गोळा करतात, गुण मिळतात, निकाल लागतो. पुढे? मी चौकशी केली तेव्हा एका कपाटात जुन्या सीडींचा गठ्ठा मिळाला. काहींवर बुरशी आली आहे, आणि त्या वाचणारे यंत्र आता महाविद्यालयात एकच आहे, तेही बंद. प्राध्यापकांवर हा आरोप नाही. हे काम कोणाचे, हेच कोठे लिहिलेले नाही. ते लिहिले जावे. एक कपाट, दोन डिस्का, एक वही आणि दरवर्षी जूनमध्ये सगळे एकदा लावून पाहणारी दोन मुले, एवढेच लागेल. हार्ड डिस्क पाच-सात वर्षांनी बदलायची असते, हे ज्याला सवडीने आठवते त्याच्याकडे हे काम देऊ नये. बावीस हजारांत या सगळ्याची सोय होऊन वर पैसे उरतील.

मी वाट पाहत बसले नाही. वाजणाऱ्या पस्तीस मुद्रणांच्या तीन प्रती केल्या. एक दादाच्या नव्या संगणकावर, एक माझ्या खात्यावर आणि एक पेनड्राइव्हवर घालून गेल्या महिन्यात ग्रंथालयात नेऊन दिली. ग्रंथपाल सरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि दाखल-नोंदवही उघडली. लेखकाचे नाव काय, म्हणाले. मी आजीचे पूर्ण नाव सांगितले. ते त्यांनी ठळक अक्षरात लिहिले. प्रकाशक या रकान्यात रेघ ओढली. किंमत या रकान्यापाशी थांबून माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी बावीस हजार सांगितले. ते हसले आणि त्यांनी तो रकाना मोकळा सोडला. मग ‘विषय’ म्हणून जरा विचार केला, आणि ‘इतर’ असे लिहिले.